पवारबाईंची हजेरी

पवारबाई कुठेही निघाल्या की आधी सांगून निघत. "मी परसवाड्याले चालली. सव्वानऊची बस. तीनच्या बसनं येतो. ते नाई भेटली तं साडेचारची." हे त्या माझ्या आईला सांगत. आई नसली तर मला, मी नसले तर शेजारच्या अंगणात धान वाळत घालणाऱ्या बाईंना. एकदा आम्ही सगळेच गोंदियाला लग्नाला गेलो होतो, तर आमच्या पायरीवर दगडाखाली चिठ्ठी सापडली: "चक्कीवर गेली. दळण. अर्धा तास." आम्ही दोन दिवसांनी परतणार हे त्यांना ठाऊक होतं. तरी चिठ्ठी ठेवलीच होती.

आई हसायची. "अवो पवारबाई, तुमी का शाळेतल्या पोरी आहा का? एवढं काहून सांगता?"

बाई हसत नसत. "सांगून गेलं का बरं असते," म्हणत आणि पिशवी खांद्याला लावून चालू पडत.

त्या आमच्या घरात भाड्यानं आल्या तेव्हा मी नागपूरला समाजकार्याच्या शेवटच्या वर्षाला होते. सत्त्याण्णव साल असावं. माझे वडील बालाघाटला वनखात्यात हेडक्लार्क. घराच्या मागच्या दोन खोल्या आई भाड्यानं द्यायची, आणि देताना माणसाची सात पिढ्यांची चौकशी करायची. पवारबाईंची मात्र केली नाही. आमच्या जिल्ह्यात पवार म्हणजे शेतीवाडीवाले, शिकलेसवरलेले, जागोजागी पसरलेले लोक. विधवा बाई, नर्सची नोकरी करून मुदतीआधीच निवृत्त झालेली, एकुलती एक मुलगी शुभा गोंदियाला बी.एड. करते, आणि आडनाव पवार. आईला एवढं पुरलं. पहिल्याच आठवड्यात तिनं मला पत्रात लिहिलं, "मागे फार चांगली बाई आली आहे. घरची वाटते."

बुटक्या, काळ्यासावळ्या, चालणं भराभर. जेवणही भराभर. ताट मांडीवर घेऊन, भिंतीला पाठ लावून, पाच मिनिटांत मोकळ्या. चहा बशीत ओतून प्यायच्या आणि पितानाही डोळे दाराकडे. गल्लीतल्या कुठल्याही लहान पोराला ताप आला की आया पवारबाईंकडे धावत. सुई टोचताना त्या पोराशी बोलत नसत, आईशी बोलत. "तू घाबरू नको. तुह्या हातातून त्याले समजते." पोर रडायचं थांबलेलं मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

मी शिकून घरी आले आणि बालाघाटच्याच एका संस्थेत लागले. पवारबाई तिथे आधीपासून आरोग्याचं काम पाहत. संस्थेचं मुख्य ऑफिस भोपाळला होतं. तिथल्या सरांनी एक नवा प्रकल्प आणला: ज्या समाजांवर पिढ्यान्‌पिढ्या अन्याय झाला, त्यांच्या मनावर त्याचा काय परिणाम राहिला आहे याचा अभ्यास करायचा आणि त्यावर वस्तीतच चालवता येईल असा काहीतरी कार्यक्रम उभा करायचा. आमच्या वाट्याला परसवाडा रस्त्यावरचा एक पारधी टोला आला. सालाच्या जंगलाच्या कडेला वीस-बावीस झोपड्या. लोक जडीबुटी आणि मण्यांच्या माळा विकायचे, मोहाच्या दिवसांत मोहफुलं वेचायचे. आजूबाजूच्या गावांत कुठेही कोंबडी हरवली की पहिली जीप याच टोल्यावर यायची.

भोपाळहून चाळीस प्रश्नांचा फॉर्म आला होता. गेल्या दोन आठवड्यांत तुम्हाला उदास वाटलं का? झोप लागते का? विनाकारण भीती वाटते का? मी पहिल्या दिवशी क्लिपबोर्ड घेऊन बसले. समोर एक म्हातारा आला, उकिडवा बसला, हात जोडले. बदामबाबा त्याचं नाव. मी विचारेन त्याला तो म्हणे, "हौ साहब." उदास वाटतं? हौ साहब. आनंदी वाटतं? हौ साहब. मी साहेब नाही, बाई आहे, असं सांगितलं. त्यालाही हौ साहब.

परतताना पवारबाईंनी माझ्या हातातून क्लिपबोर्ड काढून घेतला आणि पिशवीत घातला.

"हे आनत नको जाऊ."

"पण सरांना भरून पाठवायचं आहे."

"त्याईले कोराच पाठव. कागद पाह्यला का तो मानूस आरोपी होते. मंग तुले आरोपीच बोलून राह्यला, मानूस नाई."

मग आम्ही नुसत्या जाऊन बसू लागलो. तीन-चार महिने दुसरं काही केलंच नाही. बाई कुणाच्या पायातला काटा काढत, कुणाचं गळू फोडत, नाहीतर एका झोपडीच्या सावलीत गप्प बसून राहत. मी अस्वस्थ व्हायचे. भोपाळला दर महिन्याला अहवाल जायचा होता. पण हळूहळू दिसायला लागलं. गरोदर बायका दवाखान्यात जात नव्हत्या, कारण तिथे नाव लिहावं लागतं. जीपचा आवाज आला की लहान मुलं न सांगता झाडीत शिरत आणि मोठी माणसं जागच्या जागी उकिडवी बसत. जीप दुधाची असली तरी. आणि दर रविवारी सकाळी बदामबाबा धुतलेलं धोतर नेसून चार मैलांवरच्या पोलीस चौकीवर जाऊन बसायचा. बोलावलेलं नसे. चौकीतल्या तरुण शिपायांना वाटे, म्हातारा खुळा आहे. ते त्याच्याकडून अंगण झाडून घेत आणि दुपारी जा म्हणत.

"कशाला जाता बाबा?" मी विचारलं.

"हाजरी," तो म्हणाला. जणू मी विचारावं हेच नवल.

इंग्रजांनी काही जमातींना जन्मापासूनच गुन्हेगार ठरवणारा कायदा केला होता, हे मी पुस्तकात वाचलं होतं. नाव पोलिसांच्या यादीत चढायचं. ठरल्या वेळी चौकीवर हजेरी. दुसऱ्या गावी जायचं तर पास, आणि त्यावर कुठे चाललो, कधी परतणार, सगळं लिहून द्यायचं. स्वातंत्र्यानंतर तो कायदा गेला. परीक्षेत मी त्यावर चांगलं उत्तरही लिहिलं होतं. पण तो कायदा धुतलेलं धोतर नेसून चार मैल चालत जाताना मी पहिल्यांदा पाहिला.

त्याच सुमाराला एक गोष्ट माझ्या लक्षात आली. टोल्यातले लोक आपसांत त्यांच्या भाषेत बोलत, जी आम्हा दोघींना येत नाही असं सगळे धरून चालले होते. एका दुपारी बदामबाबाच्या सुनेनं, गुलाबबाईनं, त्या भाषेत काहीतरी म्हटलं आणि सगळ्या बायका हसल्या. पवारबाईही हसल्या. पण त्या एक क्षण आधी हसल्या.

बसथांब्यावर आम्ही दोघीच होतो. तीनची बस निघून गेली होती. मी म्हटलं, "बाई, तुम्हाला त्यांची भाषा समजते."

त्यांनी पिशवी खांद्यावरून काढून मांडीवर घेतली.

"माह्या बापाची भाषा आहे ते," त्या म्हणाल्या.

त्यांचे वडील त्याच कायद्याखाली उभारलेल्या, तारेच्या कुंपणाआतल्या एका वसाहतीत जन्मले होते. तारा निघाल्यावर ते वऱ्हाडात आले, एका शाळेत शिपाई झाले, आणि घरात आपली भाषा बोलायची बंदी केली. "बाप मने, आपलं आडनाव पवार. पवार लय असते दुनियेत. त्याच्यात लपून जाता येते. लग्नानंतर मीनंही तेच ठेवलं, शुभालेही तेच लावलं." आई मात्र बाप घरात नसताना कुजबुजत तीच भाषा बोलायची. मुलीला ती तशी, कुजबुजतच आली होती. बाप कुठेही जाताना सगळ्यांना सांगून जायचा, हेही त्या दिवशी त्यांनीच सांगितलं. "मी लहानपनी समजे, सगळेच बाप असेच सांगते. मंग मालूम पडलं, त्याच्या आंगातून पास अजून निघाला नव्हता. माह्याही नाई निघाला."

"तुम्ही कोणाला खोटं सांगितलं नाही," मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं.

"नाई ना. कोनी विचारलंच नाई. आडनाव ऐकलं अन् लोकाईनं बाकीचं आपल्या मनानं भरून टाकलं."

"मग आता सांगून टाका. निदान टोल्यात तरी. त्यांना किती बरं वाटेल."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, थकून. "अन् टोल्यातून ते गोष्ट बालाघाटले याले किती दिवस लागतीन? शुभाचं जमून राह्यलं गोंदियात. सोबतच्याच पोराशी. त्याच्या घरचे चौकशीले तुह्या मायकडे आलते. तुह्या मायनं सांगितलं, पवाराईची पोरगी, आमच्या घरात राह्यते, डोळे झाकून करा. आता बोल. कोनाले सांगू? तुह्या मायले?"

मी साडेचारची बस येते का ते पाहू लागले.

"टोल्यात सांगितलं तं बालाघाटातून उठा लागते. बालाघाटात राह्याचं तं टोल्यात मुकी बसा लागते. दोन्हीकडून कडी आहे, पोरी. अन् दोन्ही कड्या मीच लावल्या."

त्या दिवसापासून टोल्यात त्यांच्या शेजारी बसणं मला जड जाऊ लागलं. लोक त्यांच्या देखत त्यांच्याविषयी बोलत: ही बाई कशाला येते, हिचा काय डाव आहे, हिच्या भरवशावर पोरीचं बाळंतपण सोपवावं की नाही. त्यांना सगळं ऐकू येई. कधी कुणी आपल्या मेलेल्या मुलाविषयी बोले, पोलिसांनी नेलेल्या नवऱ्याविषयी बोले, त्या भाषेत, पवारबाईंपासून हातभर अंतरावर. आणि बाई न समजल्यासारखा चेहरा करून गवताची काडी मोडत राहत. घरी आल्यावर त्या दिवशी जेवत नसत. आई म्हणायची, "पवारबाईले पित्ताचा त्रास आहे."

कार्यक्रम मात्र त्यांनीच शोधून काढला, आणि तो भोपाळच्या कुठल्याच कागदात नव्हता. एका रविवारी त्या बदामबाबा निघायच्या आधी टोल्यावर पोचल्या आणि त्याच्या वाटेत बसल्या.

"बाबा, हाजरी देनी है ना? आज यहीं दो."

"किसको?"

"इनको." त्यांनी झोपड्यांकडे हात केला. "तुम्हारे लोगों को."

म्हातारा गोंधळला. जायला निघाला, पुन्हा थांबला. चौकीच्या दिशेनं पाहिलं. न जाण्याची त्याला भीती वाटत होती हे स्पष्ट दिसत होतं. बाई म्हणाल्या, "चौकी से कोई आया, तो बोलना नर्सबाई ने रोका." मग गुलाबबाई बाहेर आली, तिच्या मागे आणखी दोघी. म्हाताऱ्यानं सवयीनं उकिडवं बसून आपलं नाव सांगितलं, बापाचं नाव सांगितलं. एवढ्यावर थांबला, कारण चौकीत एवढंच विचारत. बाईंनी विचारलं, "बाप कैसा था?" तो झोपड्यांकडे वळून बसला. मग म्हणाला की बाप तित्तराचा आवाज असा काढायचा की खरं तित्तर फसायचं. आणि त्यानं तो आवाज काढून दाखवला. पोरं झोपड्यांतून धावत बाहेर आली.

पुढे दर रविवारी हे चालू झालं. हजेरी तीच, वेळ तीच. पण एकेकानं उठून आपलं नाव सांगायचं, आईबापाचं सांगायचं, आणि ते कोण होते, काय जाणायचे ते सांगायचं. पहिले सहा-सात रविवार लोक उकिडवेच बसत. मग एक दिवस गुलाबबाई उभी राहून बोलली. कुणी रडे, कुणी शिव्या देई, कुणी मध्येच उठून जंगलात निघून जाई. बाई थांबवत नसत. "जाऊ दे. येईन." दारू थोडी कमी झाली. पावसाळ्यात दोन बायका स्वतःहून दवाखान्यात गेल्या आणि नावं लिहून आल्या. बदामबाबाचं चौकीवर जाणं महिन्यातून एकदावर आलं. सगळं बरं झालं असं मी म्हणणार नाही. जीप आली की पोरं अजूनही झाडीत शिरत होती.

आणि या सगळ्यात एकट्या पवारबाई हजेरी देत नव्हत्या. सगळ्यांची नावं निघत, त्या ऐकत. एकदा गुलाबबाईनं विचारलंही, "बाई, तुम भी बताओ ना अपने बाप का." बाईंनी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला आणि फार वेळ पाणी पीत राहिल्या.

आता माझी गोष्ट सांगायला हवी.

भोपाळचे सर प्रत्येक पत्रात एकच मागत: किती लोक आले, कोण आले, नावनिशी यादी ठेवा. बाईंनी मला बजावलं होतं, "इथच्या नावाचा कागद कराचा नाई. कोनी मांगला तरी नाई." पण पत्रं माझ्या नावानं येत, उत्तर मला द्यावं लागे. नोकरीला जेमतेम वर्ष झालं होतं. मी ऑफिसात बसून, आठवून आठवून, एक रजिस्टर भरू लागले. नाव, बापाचं नाव, वय, झोपडी कितवी, घरात माणसं किती, कोण कोणत्या बाजाराला जातो. माझं अक्षर चांगलं आहे. रजिस्टर फार नीटनेटकं झालं होतं.

दोन हजार सालच्या उन्हाळ्यात बालाघाटात एका मोठ्या घरातून दागिने गेले. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला ठाणेदार ऑफिसात आले. मी एकटीच होते. ते रागावले नाहीत की ओरडले नाहीत. मी चहा मागवला, तो त्यांनी घेतला. म्हणाले, "सुना है आप लोग पारधियों में बहुत काम करते हैं. कोई लिस्ट वगैरह होगी?" मी नाही म्हणू शकले असते. खणाला कुलूप होतं आणि किल्ली माझ्या पर्समध्ये होती. मी पर्स उघडली, किल्ली काढली, खण उघडला आणि रजिस्टर त्यांच्या हातात दिलं.

दुपारपर्यंत टोल्यातली तीन माणसं ठाण्यात होती. त्यांत बदामबाबाचा मुलगा, म्हणजे गुलाबबाईचा नवरा. शिपायांना या वेळी कुणाला शोधावं लागलं नव्हतं. झोपडी कितवी ते लिहिलेलं होतं.

पवारबाई आणि मी ठाण्यात गेलो. बाहेर गुलाबबाई, म्हातारा आणि आणखी चारपाच जण मातीत उकिडवे बसले होते. आत टेबलावर रजिस्टर उघडं पडलेलं. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. माझं अक्षर त्यांना ओळखता येत होतं. मी घाईनं, हळू आवाजात म्हटलं, "खण उघडून घेऊन गेले, बाई. मी काय करणार होते?"

ठाणेदार सौजन्यानं बोलले. "मैडम, आप अच्छे घर की हैं, पवार समाज की. इन लोगों के चक्कर में क्यों पड़ती हैं? आप घर जाइए."

दार उघडं होतं. बाहेरचे सगळे ऐकत होते. पवारबाई टेबलाशी गेल्या, रजिस्टर आपल्याकडे वळवलं, ठाणेदारांच्या पुढ्यातलं पेन उचललं.

"इसमें एक नाम छूट गया है," त्या म्हणाल्या. आणि लिहिता लिहिता मोठ्यानं वाचत गेल्या. "विमल पवार. बाप का नाम तुकाराम. जात पारधी." मग पेन खाली ठेवून बाहेर गेल्या आणि गुलाबबाईच्या शेजारी मातीत बसल्या.

ठाणेदार हसले, मग हसायचे थांबले. निवृत्त नर्सला आत कसं घालणार, हे त्यांना कळेना. संध्याकाळपर्यंत बाई तिथेच बसून होत्या. मी मात्र आत, खुर्चीवर. मला कुणीतरी खुर्ची दिली होती आणि मी तिच्यावरून उठले नव्हते.

दोन दिवसांनी दागिने त्याच घरातल्या नातेवाइकाकडे सापडले. तिघांना सोडलं. गुलाबबाईच्या नवऱ्याचा एक कान कायमचा बहिरा झाला होता. माफी कुणी मागितली नाही.

बातमी मात्र त्याच संध्याकाळी ठाण्यासमोरच्या चहाच्या टपरीवरून आमच्या गल्लीत पोचली होती. आईनं भांडण केलं नाही. ती मला एवढंच म्हणाली, "माह्या तोंडून खोटं वदवलं त्या बाईनं. आता त्या गोंदियावाल्याईले मी कोनतं तोंड दाखवू?" मी म्हणू शकले असते की त्यांनी काही वदवलं नव्हतं, तूच बोललीस. मी म्हटलं नाही. दुसऱ्या दिवसापासून आई मागच्या अंगणात जायची थांबली. रोजचं अर्धा लिटर दूध ती स्वतः नेऊन द्यायची, ते भांडं आता कठड्यावर ठेवलेलं असे. पवारबाईंना सुईच्या टोकाएवढी गोष्ट समजे. ही समजायला तीन दिवस पुरले. त्या सामान बांधत असताना मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. पुढे आई, मागे बाई. मी कोणत्याच बाजूला गेले नाही.

शुभाचं जमलेलं लग्न मोडलं. ती पवारबाईंशी वर्षभर बोलली नाही. भोपाळहून पत्र आलं की कार्यकर्तीनं आपली ओळख लपवल्यामुळे अभ्यासाच्या विश्वासार्हतेला बाधा आली आहे, प्रकल्प बंद. आणि टोल्यावर, जिथे मला वाटलं होतं की त्यांना डोक्यावर घेतील, तिथे गुलाबबाई म्हणाली, "दो साल हमारी बातें सुनती रही. सब समझती थी. चोर के जैसी बैठी रही." बाईंनी मान खाली घातली. म्हणाल्या, "हौ. खरं आहे."

त्यांनी परसवाड्यात एक खोली घेतली. दर रविवारी टोल्यावर जात आणि सगळ्यांपासून थोड्या अंतरावर बसत. कित्येक महिने त्यांना कुणी पाणीही विचारलं नाही, असं मी नंतर ऐकलं. मी जबलपूरला दुसरी नोकरी धरली होती, लग्न झालं होतं.

दोन हजार तीनच्या हिवाळ्यात माहेरी आले होते, तेव्हा परसवाड्याच्या दवाखान्यात त्यांची गाठ पडली. टोल्यातल्या कुणाच्या तरी पोरीला बाळंतपणासाठी घेऊन आल्या होत्या. केस पूर्ण पांढरे, अंगावर मांस राहिलं नव्हतं. शेजारी गुलाबबाई बसली होती आणि दोघी त्या भाषेत मोठमोठ्यानं भांडत होत्या. कशावरून ते मला समजलं नाही. बाईंनी मला पाहिलं, जवळ बसवलं, सासरची चौकशी केली, मूलबाळ विचारलं. शुभा आता महिन्यातून एकदा येते म्हणाल्या.

"तुम्ही बऱ्या आहात ना?" मी विचारलं. माझ्या मनात होतं की त्या हो म्हणतील, आणि मी मोकळी होईन.

"बरी का असतो? इथी हे लोक एकदम तोंडावर बोलते, तुनं आमाले फसवलं. तिथी बालाघाटात लोक मले पाहून रस्ता बदलते. सुटली म्हनाव असं काई नाई." थोड्या वेळानं म्हणाल्या, "पन आता समोरच्याचं समजलं का समजलं म्हनता येते. तेवढं आहे."

आतून बाळ रडल्याचा आवाज आला. गुलाबबाई उठून आत धावली. पवारबाईही उठल्या, आणि उठताना माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुले अजून काई सांगाचं आहे का?"

"नाही," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली आणि आत गेल्या.

दीड वर्षानं त्या गेल्या. काविळीचं निमित्त झालं. मला कळलं तेव्हा पंधरा दिवस उलटले होते. दिवाळीत मी आईकडे आले असताना शुभा आली. आमच्या मागच्या खोलीच्या माळ्यावर बाईंची एक लोखंडी ट्रंक राहून गेली होती, ती न्यायला. ती आता गोंदियाला शाळेत शिकवत होती. पवारबाईंसारखीच बुटकी. चालणं भराभर.

आईनं तिला ओसरीवर बसायला सांगितलं. पाणी दिलं. ट्रंक खाली काढून ओसरीवर आणली. मग आई, पदराला हात पुसत, शुभाकडे न पाहता म्हणाली, "तुही माय वाईट नव्हती वो. त्या कामात पडली अन् पोलिसाईनं तिचे कागद नेले, मनून एवढं झालं."

"ते कागद बाईंचे नव्हते," मी म्हटलं. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "रजिस्टर मी केलं होतं. त्यांनी नको म्हटलं असताना. आणि पोलिसांनी नेलं नाही. मी कुलूप उघडून दिलं."

आईनं माझ्याकडे पाहिलं. शुभानं नाही पाहिलं. ती ट्रंकेची कडी तपासत होती.

"मले माहीत आहे," ती म्हणाली. "एका शिपायानं आईले तवाच सांगितलं होतं. मी म्हनलं, मंग तू त्या ताईले काहून विचारत नाई? तं आई मने, विचाराचं नाई. ते सोताच सांगन. कधी सांगते, पाहू."

बाहेर रिक्षावाला घंटी वाजवत होता. शुभानं ट्रंक एका बाजूनं उचलली. ती जड होती, दुसरं टोक जमिनीवर घासू लागलं. मी जागची हलले नाही, काय करावं ते मला सुचेचना. आईनं पदर खोचला, वाकून दुसऱ्या बाजूची कडी धरली, आणि त्या दोघी ट्रंक घेऊन पायऱ्या उतरून गेल्या.